पंधरा पक्की नावं

बुधवारी दुपारी नेगोवान मळ्यात आला तो पायांत शहरातले बूट घालून, तेव्हाच मिलुंकाने ओळखलं की जावई काही बांधणीला आलेला नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. उताराच्या वरच्या अंगाला अजून मळकट बर्फाचे तुकडे पडून होते आणि खालच्या अंगाला नुसता चिखल. रास्पबेरीची छाटणी उरकली होती. आता उरलेली एकेक काठी सुतळीनं तारेला बांधायची होती, पानं फुटायच्या आत. हातमोजे घालून गाठ नीट बसत नाही, म्हणून मिलुंका उघड्या हातांनीच बांधायची. सासष्टाव्या वर्षी तिच्या अंगठ्यांना चिरा पडत आणि त्यात सुतळी घुसली की ती मेलेल्या नवऱ्याला, स्वेतोझारला, मनसोक्त शिव्या घाली. तीस गुंठ्यांचा हा मळा त्यानं लावला आणि चार वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात टाकून तो निघून गेला, तोही ऐन बांधणीत.

"या जावईबापू," ती मागे न वळता म्हणाली. "तुमच्यासाठी सुतळी आणू, की खुर्ची?"

एरवी ती त्याला अरेतुरे करी. तिच्या तोंडून 'जावईबापू' निघालं की नेगोवान मनातल्या मनात खाली बसे. त्यानं सुतळीचा गुंडा उचलला आणि एक काठी बांधली. गाठ सैल होती. मिलुंकाने ती सोडून पुन्हा बांधली.

"आई, पुढच्या महिनाअखेरीला माझा करार संपतोय."

"तो दर तीन महिन्यांनी संपतो. सहा वर्षं बघतेय मी."

"या वेळी वेगळं आहे." नेगोवान शहरातल्या पाणीखात्यात फुटके नळ जोडायचा. खड्ड्यात उतरून काम करायची सवय, तरी आत्ता बोलताना तो बुटांकडेच बघत होता. "निवडणूक आलीय ना. साहेब म्हणाले, प्रत्येकानं पंधरा नावं आणायची. पक्की. राष्ट्राध्यक्षांना पुन्हा मत देणार म्हणजे देणारच, अशी. शुक्रवारपर्यंत."

"आणि नाही आणली तर?"

"तर काही नाही. साहेब रागवत नाहीत. करारावर सही करायला विसरतात फक्त."

"तुझ्या गल्लीत पंधरा माणसं नाहीत?"

"आमची गल्ली आधीच दोघांनी वाटून घेतलीय. माझ्या वाट्याला समोरची आंधळी म्हातारी तेवढी आली होती, तीही काल कुणीतरी लिहून नेली."

मिलुंकाला हसू आलं. मग हसू गेलं, कारण नेगोवान हसत नव्हता. रूझीत्सा, तिची एकुलती एक पोरगी, शिवणकाम करून अर्धं घर चालवत होती आणि दुसरं अर्धं या करारावर उभं होतं.

"तुम्ही वाडीतल्या सगळ्यांना ओळखता," नेगोवान म्हणाला. "नुसती नावं द्या. आडनाव, फोन नंबर वगैरे कचेरीतली मुलगी शोधून काढते."

"ओळखते म्हणजे काय! कोण रश्श्यात मीठ आधी टाकतं आणि कोण नंतर, तेही मला ठाऊक आहे." ती बढाई नव्हती. दोब्रिलोव्होच्या वरच्या वाडीत बावीस धुराडी होती, त्यांतली चौदा पेटत होती, आणि कुठल्या धुराड्यातून सकाळी उशिरा धूर आला तर कोण आजारी आहे हे मिलुंका बांधावरून सांगे. राष्ट्राध्यक्षांचंही तसंच. त्यांनी वाडीपर्यंत डांबरी रस्ता आणला, निवृत्तिवेतन दोनदा वाढवलं. खालचा ओढा पाइपात घालून वीज काढायला कुणाला तरी दिला, तो त्यांच्याच काळात. गेल्या खेपेला निम्म्याहून जास्त वाडीनं त्यांना मत दिलं होतं. तिनंही दिलं होतं. या खेपेला कोण देणार हा प्रश्न तिच्या लेखी फारसा अवघड नव्हता.

"देते लिहून," ती म्हणाली. "आता ते बूट बदल आणि ही ओळ संपव."

गुरुवारी संध्याकाळी, उजेड होता तोवर, ती चुलीजवळ चौकटीच्या वहीची दोन पानं फाडून बसली. एक पान जावयाचं. दुसरं शनिवारचं. शनिवारी पितरांचा दिवस होता. बायका उकडलेले गहू, मेणबत्त्या आणि नावांच्या चिठ्ठ्या घेऊन देवळात जाणार आणि पाद्रीबाबा प्रत्येक घरच्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचणार. तिनं आधी मेलेले लिहिले. ते सोपं गेलं. स्वेतोझार, त्याचे आईबाप, तिचे आईबाप, लढाईत गेलेला आजा, दोन जावा, एक दीर ज्याच्याशी ती शेवटची नऊ वर्षं बोलत नव्हती. बाकीचे चुलते-मावश्या धरून सोळा नावं झाली.

मग जिवंत. वर तिनं 'पक्की मतं' असं लिहून खाली रेघ ओढली. पहिलं नाव तिनं स्वतःचंच घातलं, हात आपोआप तिकडे वळला. मग शेजारचा रातोमिर, मग ग्वोझ्देन, मग स्तानिमिर्का. ग्वोझ्देनपाशी तिचा हात जरा थांबला. ओढा पाइपात गेल्यापासून दोन उन्हाळे त्याच्या मळ्याला पाणी नव्हतं. पण ग्वोझ्देन तोंडानं कितीही बडबडला तरी शेवटी सगळे करतात तेच करतो, असं तिनं ठरवून टाकलं. पंधरा भरली. दोन्ही पानांची चार-चार घड्या घालून तिनं ती भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीमागे खोचली. घरातले सगळे कागद तिथेच असत.

शुक्रवारी ती मळ्यात असताना मोबाइलवर नेगोवानचा फोन आला. "तसबिरीमागे आहे, घेऊन जा," ती म्हणाली. नेगोवान येऊन गेला. जाताना त्यानं बांधावरून हात केला.

शनिवारी देवळात थंडी मी म्हणत होती. पाद्रीबाबा तरुण होते, शरद ऋतूत बदलून आलेले, तीन गावं सांभाळणारे. अजून दोन देवळं करायची होती म्हणून ते भरभर वाचत होते. लांब टेबलावर गव्हाची ताटं, प्रत्येक ताटात एक मेणबत्ती. एकेक चिठ्ठी टोपलीतून उचलायची, नावं म्हणायची, खाली ठेवायची. बायका आपल्या घरची नावं आली की छातीवर क्रूस काढत, बाकी वेळ पाय आपटून गरम ठेवत.

"मिलुंका," पाद्रीबाबांनी वाचलं. "रातोमिर. ग्वोझ्देन. स्तानिमिर्का. वुकासाव..."

मिलुंकाला पहिल्यांदा वाटलं, दुसरी कुणी मिलुंका असेल, मेलेली. मग रातोमिर ऐकून तिला आठवलं, तसबिरीमागे उरलेली चिठ्ठी तिनं न उघडताच टोपलीत टाकली होती. स्तानिमिर्का ऐकल्यावर तिनं टेबल धरलं. पाद्रीबाबा वाचतच होते आणि मागे पुरुषांच्या रांगेत हालचाल सुरू झाली होती.

"अरे देवा," रातोमिर म्हणाला, चांगला मोठ्यानं. "मी गेलो? कधी? सकाळी तर अंडी खाल्ली मी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पाद्रीबाबा थांबले. स्तानिमिर्का पुढे झाली आणि कुणाची परवानगी न घेता तिनं त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला. ती मिलुंकाच्याच वयाची, तिच्यासारखीच विधवा. चाळीस वर्षं दोघी एकमेकींच्या मळ्यात सावडीनं राबलेल्या, आज तुझी ओळ, उद्या माझी. मिलुंकाचं अक्षर तिला लांबूनही ओळखता येई.

"पक्की मतं," स्तानिमिर्काने वाचलं.

त्यानंतर हसण्यासारखं काही उरलं नाही; करारावरची माणसं अशा याद्या कशासाठी गोळा करतात हे वाडीला ठाऊक होतं. शिव्या कुणी दिल्या नाहीत, देऊळ होतं. स्तानिमिर्काने कागद नीट घडी घालून गव्हाच्या ताटाशेजारी ठेवला, मिलुंकाच्या ताटाशेजारी, आणि म्हणाली, "जावयासाठी होय? मग असं कर मिलुंका, पुढच्या वेळी आमचं मत टाकायलाही तूच जा. आम्हाला कशाला चिखलात चालायला लावतेस?"

ग्वोझ्देननं टोपी घातली आणि नावं वाचून संपायच्या आत बाहेर पडला. स्वेतोझारचं नाव त्या दिवशी देवळात घेतलंच गेलं नाही. मिलुंकाने थडग्यापाशी जाऊन ते स्वतःच घेतलं, गव्हावर थोडी वाइन ओतली आणि तिथं उभी राहून रडली. शरमेनं रडली. आपण काय वाईट केलं हे तिला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

सावडीची पाळी सोमवारी तिच्या मळ्याची होती. दरवर्षी सात-आठ माणसं येत. तिनं सकाळी बटाटे आणि मांस शिजत ठेवलं, राकियाची, फळांच्या दारूची, बाटली आणि पेले काढून ठेवले. आठ वाजले, नऊ वाजले. रातोमिर आपल्या बांधावर खुरपं घेऊन उभा होता, त्यानं या बाजूला पाहिलंच नाही. दहा वाजता ती एकटीच ओळीत शिरली. दुपारपर्यंत तिची दीड ओळ झाली. अशा अठ्ठावीस बाकी होत्या. ते जेवण ती दोन दिवस पुरवून खात राहिली.

संध्याकाळी रूझीत्सा आणि नेगोवान आले. नेगोवानचा चेहरा विचित्र झाला होता.

"मी कागद उघडून बघितलाच नाही, आई," तो म्हणाला. "लाज वाटत होती म्हणून. तसाच त्या मुलीच्या टेबलावर ठेवला."

"मग?"

"मग काही नाही. आज साहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, सोळा आणलीस, एक जास्तच. त्या पोरीला सगळी सापडली म्हणे. नावावरून शोधलं की त्या नावाचं कुणी ना कुणी सापडतंच. एकतीस तारखेला सही आहे."

रूझीत्सा तोंडावर हात ठेवून हसत सुटली आणि हसता हसता तिला रडू आलं. "बाबांनी नोकरी वाचवली तुझी," ती नवऱ्याला म्हणाली. "जिवंत होते तेव्हा एक स्क्रू पकडायला दिला नाही त्यांनी तुला."

"कुणाला बोलू नका," नेगोवान म्हणाला. "सही होईपर्यंत फक्त."

पोरीचं घर वाचत होतं. मिलुंकाने स्वतःला तेवढंच सांगितलं आणि अंगठ्याला चरबी चोळत बसली.

त्या आठवड्यात ती एकटीच बांधत राहिली. हात चालत असले की डोकंही चालतं. सारखं एकच येत होतं मनात. 'मिलुंका', पाद्रीबाबांनी वाचलं होतं, सगळ्यांत आधी. ते नाव तिला कुणी विचारून लिहिलं होतं? जावयानं विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. गेल्या खेपेला दिलं, म्हणून पुन्हा देणार, असं धरून चाललं होतं, जशी गाय संध्याकाळी गोठ्याकडे वळते तसं.

रविवारी क्षमेचा दिवस होता, मोठ्या उपासाच्या आधीचा. लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, क्षमा कर म्हणायचं, मोठ्यांनी देव क्षमा करो म्हणायचं, एक पेला घ्यायचा आणि निघायचं. वाडीत मिलुंकाहून मोठे तिघेच उरले होते, एरवी लोक तिच्याकडे येत. या रविवारी कुणी येणार नाही हे कळत होतं. तिनं काळा रुमाल बांधला आणि स्वतः निघाली.

रातोमिर दारातच होता. "क्षमा कर, रातोमिर."

"देव क्षमा करो," तो म्हणाला, कारण तसं म्हणावंच लागतं. मग त्यानं तिला आत घेतलं आणि पेला भरता भरता त्याचा बांध फुटला. "अगं बाई, मी त्यालाच देणार होतो! रस्ता झाला म्हणून तर माझ्या बायकोला रुग्णवाहिका वेळेत मिळाली. मी आपण होऊन देणार होतो. आणि तू मला नेऊन ठेवलंस जावयाच्या खिशात. आता मत दिलं तर लोक म्हणणार, दिलं बघा, पक्का होता."

"मग देणार नाहीस?"

"ते मला आता ठरवावं लागेल," तो कुरकुरला. "तुझ्यामुळे."

ग्वोझ्देननं तिला अंगणातच उभं केलं. त्याच्या घरामागे तो पाइप होता, माणसाच्या कमरेएवढा जाड, आणि त्याखाली ओढ्याचे कोरडे दगड. "देव क्षमा करो," तो म्हणाला. "आणि तुला वाटलं मी देईन?"

"वाटलं."

"का?"

ती पाइपाकडे बघू लागली. ग्वोझ्देन तिच्याकडे बघत राहिला. राग असता तर बरं झालं असतं, त्याला वाईट वाटलं होतं. "बडबड्या आहे मी, म्हणून," तो म्हणाला. "जाऊ दे. राकिया घे."

स्तानिमिर्काचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. स्तानिमिर्का चीजची पोळी भाजत होती, ओव्हनचं दार उघडं, गाल लाल.

"क्षमा कर, स्तानिमिर्का."

"देव करेल. तो मोठा आहे. माझं काय ते वेगळं बघू." तिनं पोळी बाहेर काढली, फडक्यावर ठेवली. "आता विचार."

"काय?"

"जे आधी विचारायचं होतंस ते. बस आणि विचार."

मिलुंका बसली. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला हे विचारताना तिला नव्या नवरीसारखं अवघडल्यागत झालं. "तू पुन्हा त्याला मत देशील?"

स्तानिमिर्काने तोंड उघडलं आणि मिटलं. ती खुर्चीत टेकली. "निवृत्तिवेतन वाढवलं, खरंय," ती म्हणाली. "आणि माझे दोन्ही नातू जर्मनीत गेले तेही त्याच्याच राज्यात. टीव्हीवर तो ओरडतो ते मला आवडत नाही, पण समोरचे ओरडतात तेही आवडत नाही. गेल्या वेळी मी त्याला दिलं कारण सगळे देत होते." ती स्वतःवरच चिडल्यासारखी हसली. "मला माहीत नाही, मिलुंका. तुझ्यावर आठवडाभर चिडले, आणि माझं मला माहीतच नव्हतं. तुझं काय?"

"मलाही माहीत नाही," मिलुंका म्हणाली, आणि ते बोलून तिला एकदम हलकं वाटलं.

दोघींनी पोळी खाल्ली. सावडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण मंगळवारी सकाळी बांधावर आवाज आला म्हणून मिलुंका बाहेर आली तर स्तानिमिर्का, रातोमिर आणि त्याची सून ओळीत शिरली होती. ग्वोझ्देन बुधवारी आला. बाकीचे आलेच नाहीत, त्या वर्षी नाहीत आणि पुढच्याही.

गुरुवारी नेगोवानला सुटी होती. तोही आला, जुने बूट घालून, आणि आता त्याच्या गाठी बऱ्यापैकी बसत होत्या. दुपारी सगळे मिलुंकाच्या स्वयंपाकघरात बसले होते. उपासाचं, मांस-दुधाशिवायचं जेवण, कांदा आणि तिखट घालून भाजलेला राजमा, पाव. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. तो फोन अजून स्वेतोझारच्याच नावावर होता, बदलून घ्यायला तिला कधी सवड झाली नव्हती.

"नमस्कार," एक तरुण मुलगी म्हणाली. आवाज गोड, दमलेला. "मी राष्ट्राध्यक्षांच्या प्रचार कार्यालयातून बोलतेय. स्वेतोझारसाहेब आहेत का?"

मिलुंकाने टेबलाकडे वळून पाहिलं.

"फक्त खात्री करायची होती. ते या वेळीही राष्ट्राध्यक्षांनाच मत देणार आहेत ना? आमच्याकडे ते पक्के म्हणून आहेत."

फोनचा आवाज मोठा होता, टेबलापर्यंत सगळं ऐकू गेलं. नेगोवानच्या हातातला पाव तसाच राहिला. तो पांढरा पडला होता. 'हो' म्हणायचं, एवढंच काम होतं. एक शब्द, आणि एकतीस तारखेला सही. रातोमिर ताटात बघत होता. स्तानिमिर्का मात्र थेट मिलुंकाकडे बघत होती, दटावत नव्हती, फक्त थांबली होती.

मिलुंकाला स्वेतोझार आठवला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं आपलं मत तिला एकदाही सांगितलं नव्हतं. ती खोदून विचारायची आणि तो म्हणायचा, तेवढं एक तरी माझं राहू दे ना. तिला त्याचा राग यायचा. आत्ता आला नाही. मग तिनं जावयाकडे पाहिलं. तिचा जीव तुटला त्याच्यासाठी, तो वाईट नव्हता.

"तो मेला, पोरी," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

"अं? पण इथे..."

"तिथे जी नावं आहेत ती आमच्या पितरांची आहेत. सगळीच. चूक माझी झाली, चिठ्ठी मी चुकीची ठेवली." तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "पण मी आहे इथे. मिलुंका. स्वेतोझारची बायको. मी मतदानाला जाणार आहे आणि माझं अजून ठरलेलं नाही. मला विचार ना तू. मी सांगते मला काय वाटतं ते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. दुसरा कुठलातरी फोन वाजत होता.

"माफ करा, आजी," मुलगी म्हणाली. "तुमचं नाव माझ्याकडच्या यादीत नाही."

आणि तिनं फोन ठेवला.

मिलुंका रिसीव्हर हातात धरून उभीच राहिली. नेगोवान उठला, तेव्हा तिला वाटलं हा आता निघून जाणार आणि पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही. त्यानं तिच्या हातातून रिसीव्हर घेतला, जागेवर ठेवला आणि खिडकीतून मळ्याकडे बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "किती ओळी राहिल्यात?"

"अकरा."

त्यानं खुंटीवरचा सुतळीचा गुंडा काढला आणि बाहेर गेला.